जुनेर आणि वाकळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला ह्याच शाळेत मराठी शिकवले. त्यांच्या नावाने बोलण्याची संधी संस्थेने दिली, हा मी माझा गौरव समजते. मी विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनीवर पुन्हा एकदा विचारले, “बाई, वाकळच ना?” त्यांची अपेक्षा बहुधा दासोपंतांची किंवा सीमाप्रश्नाची असावी. दोन्ही गोष्टी ओघाने येतील. पण बोलायचे आहे ते वाकळेविषयीच.

आरंभी शब्द पाहू. जुन्या, वापरून विरलेल्या कापडाला मराठीत ‘जुनेर’ असा एक नेमका शब्द आहे. ह्या जुनेराचे थर एकावर एक घालून, त्यांतून धावदोरा फिरवून जे पांघरूण होते त्याला पश्चिमेकडे गोधडी म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसे वाकळ म्हणतात. ‘वाकळ’ हा शब्द ‘वल्कल’ ह्या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. ऋषींच्या अंगावरचे झाडाच्या सालीचे वस्त्र आणि कुणब्याच्या अंथरुणातले पांघरूण ह्यांचे असे नाते असावे, ही गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे. आपल्या शेजारच्या कन्नड घरात ह्याच वस्तूला कौदी म्हणतात. जहीराबादकडे गेलात तर तेलुगू माणूस बोंता म्हणेल आणि बीदरच्या गल्लीतली दखनी बोलणारी म्हातारी गुदडी म्हणेल. बीदरचे नाव निघाले की जगाला बिदरीकाम आठवते. चांदीच्या तारेचे ते काम दिवाणखान्यात शोभते. पण बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे आणि पौषातल्या पहाटे येथल्या माणसाला बिदरीच्या सुरईचा उपयोग नसतो.

माझा जन्म १९४९चा. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा वर्ष झाले होते. माझे वडील भालकी तालुक्यातले. आईचे माहेर उदगीरजवळच्या खेड्यातले. दोन्ही गावे एकाच बीदर जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जिल्ह्याचे तीन भाग झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. मी सात वर्षांची होते. आईचे माहेर एका रात्रीत परराज्यात गेले. रेल्वे तीच राहिली. भालकी, कमालनगर, मग उदगीर. पुढे ह्या प्रश्नावर आयोग झाला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आईने ह्यांपैकी काही वाचले नाही. ती दर दिवाळीला माहेरी जाई आणि येताना भावजयांची जुनी लुगडी बोचक्यात बांधून आणी. आमच्या घरच्या वाकळींत एक पदर नेहमी उदगीरकडचा असे.

आता गुरुजींची गोष्ट सांगते. १९६२ साली मी सातवी झाले. पुढे मुलीला शाळेत पाठवायचे नाही, असे वडिलांचे मत होते. गुरुजी आमच्या घरी तीनदा आले. तिसऱ्या खेपेला वडील म्हणाले, “शिवण-टिपण शिकू द्या, संसाराला तेच उपयोगी पडेल.” तेव्हा दाराआडून आई बोलली. परक्या पुरुषासमोर तिचे बोलणे मी प्रथमच ऐकत होते. ती म्हणाली, “सुई मी धरलीया. तिनं पाटी धरू द्या.” त्यानंतर आईने मला कधीही सुईला हात लावू दिला नाही. सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले तरी ती म्हणे, “तुझं पुस्तक घे.” तिने मला दिलेली ती मोकळीक होती. त्या मोकळिकीची किंमत काय, हे मला कळायला साठ वर्षे लागली.

१९६६ साली मी गुलबर्ग्याला महाविद्यालयात होते. आज ज्याला आपण कलबुर्गी म्हणतो, तेच शहर. नाव २०१४ साली बदलले. वसतिगृहात निघताना आईने नवी वाकळ शिवून दिली होती. वर तिच्या नारायणपेठी लुगड्याचे चौकडे आणि आत वडिलांची धोतरे. खोलीतल्या इतर मुलींकडे विकतचे लोकरी रग होते. मी ती वाकळ पलंगाखाली सारली आणि संक्रांतीच्या सुट्टीत घरी परत आणली. आईला म्हणाले, “खोलीत जागा नाही.” आई काही बोलली नाही. त्या रात्री तिने ती स्वतःच्या अंगावर घेतली.

पुढे मी दासोपंतांवर प्रबंध लिहिला. दासोपंत हे आपल्याच मुलखाशी जोडलेले कवी. त्यांचा जन्म १५५१चा, नारायणपेठचा. आणि त्यांचे नाव बीदरच्या बादशाहीशी कथेने कायमचे बांधले गेले आहे. पुढे ते अंबाजोगाईस राहिले आणि १६१५ साली तेथेच समाधिस्थ झाले. त्यांची ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. पासोडी म्हणजे जाड्याभरड्या कापडाचे दुपदरी पांघरूण. अशा सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहून काढला. ते कापड अंबाजोगाईत जतन करून ठेवलेले आहे. मी ते पाहिले तेव्हा अक्षरशः हात जोडले. परत आल्यावर आईला मोठ्या उत्साहाने सांगू लागले की, चारशे वर्षांपूर्वीचे पांघरूण अजून टिकले आहे. आईने विचारले, “कुणी पांघरलं न्हाई वाटतं?” मी हसले आणि विषय बदलला. तिच्या प्रश्नात वस्त्रशास्त्र होते, हे मला समजले नाही. जी वस्तू वापरली जाते ती झिजते; जी झिजत नाही ती बहुधा वापरलेली नसते. चारशे वर्षांपूर्वीच्या एका कापडावर मी चारशे पृष्ठे लिहिली; घरातल्या कापडाविषयी आईला चार प्रश्न विचारले नाहीत.

वाकळ ही दारिद्र्याची खूण आहे, असे आपण सहज समजतो. ते पूर्ण खरे नाही. १९७२च्या दुष्काळात आमच्या घरी एकही नवी वाकळ झाली नाही. जुनेर व्हायचे तर आधी कधीतरी नवे कापड घरात यावे लागते. त्या वर्षी आई दंडाचे लुगडे नेसत होती. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन्ही टोके उलटी जोडायची, ह्याला दंड घालणे म्हणतात. कापड अंगावरून उतरतच नसे, मग ते वाकळेत कुठून येणार? वाकळ म्हणजे घराला थोडी उसंत मिळाल्याचे लक्षण होते.

तिचे मोल मला १९९३ साली प्रथम दिसले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या गावातही भांडी वाजली होती, हे येथे बसलेल्या पुष्कळांना आठवत असेल. हजारो माणसे गेली. दुसऱ्या दिवशी गावातून मदतीची मालमोटार निघाली. नवरात्रापूर्वी सारी अंथरुणे-पांघरुणे धुवायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून आईने वाकळी बाहेर काढूनच ठेवल्या होत्या. मी फाटक्या बाजूला काढू लागले. आई म्हणाली, “फाटकी देऊ नगं. ज्याचं घर गेलं त्याला चांगली दे.” सहा वाकळी होत्या, पाच तिने दिल्या. ठेवली ती सर्वांत जुनी, तिच्या अंगावरची. ती कोणती, हे तेव्हा मी पाहिले नाही.

आई २००९ साली गेली. ऐंशी ओलांडलेली होती. तिच्या पत्र्याच्या पेटीला मी अकरा वर्षे हात लावला नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, दारे बंद झाली, तेव्हा ती पेटी उघडली. वर एक अर्धवट शिवलेली वाकळ होती. चारी कडांनी वीतभर टाके आत आले होते आणि तेथेच सुई टोचून ठेवलेली होती. सुई गंजली होती. भोवती तांबूस डाग पडला होता. खाली जुनेर होते: वडिलांचे दोन रुमाल, महबूबशाही गिरणीच्या कापडाचे एक धोतर, खणाच्या चोळ्या, मामींची लुगडी, पंचे, मांजरपाटाचे तुकडे आणि तळाशी आईचे लग्नातले इरकल.

आमच्या शेजारी कन्नड घरातल्या अक्का राहतात. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मला त्या ‘तंगी’ म्हणतात. मी त्यांना म्हटले, “अक्का, मला शिकवा.” त्या म्हणाल्या, “एवढं शिकलीस, आणि हे राहिलं होय?” मग त्यांनी अंगणात, पलीकडच्या पायरीवर बसून मला शिकवले. जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण पुस्तकांत ते सहसा सापडत नाही.

पहिले काम कापड पारखण्याचे. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचे. चर्र आवाज आला तर ते वर घालायचे नाही, आत घालायचे. उन्हाकडे धरून विरलेली जागा पाहायची. सुती सुताशी, रेशीम वेगळे. जरीचा काठ काढून टाकायचा, कारण तार दोरा कापते. पेटीत माझ्या भावजयीची सत्तरच्या दशकातली नायलॉनची दोन पातळे होती, ती अक्कांनी बाजूला फेकली. “हे घसरतं, घाम पीत नाही, आणि कितीही धुतलं तरी मऊ पडत नाही.” वाकळेच्या ऱ्हासाचे कारण मला त्या एका वाक्यात मिळाले. विकतची पांघरुणे स्वस्त झाली हे खरेच. पण त्याआधी घरातले जुनेरच बदलले. सुती लुगडे वीस वर्षे धुऊन धुऊन जो मऊपणा घेते, तो कृत्रिम धाग्याला येत नाही. कच्चा मालच संपला.

दुसरे काम मांडणीचे. नऊ वारांचे लुगडे धडके असेल तर त्याचे सव्वादोन वारांचे चार तुकडे होतात; दोन जोडून वरचा पदर, दोन जोडून खालचा. आत जुनेराचे तीन-चार थर, कुठे जाड कुठे पातळ न होता. जमीन झाडून, खालचा पदर ताणून, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग हाताने सुरकुत्या बाहेर ढकलत थर लावायचे आणि लांब टाक्यांनी तात्पुरते टाचून घ्यायचे. तिसरे काम शिवण्याचे. आपल्याकडची रीत अशी की, कडेने सुरुवात करून चौकोनामागून चौकोन घेत आत जायचे आणि मध्यावर संपवायचे. दोऱ्याला मेण लावायचे. शिवणारीने वाकळेवरच बसायचे, म्हणजे थर सरकत नाहीत. आईच्या टाक्यांत बोटाच्या रुंदीत दोन टाके बसत. माझा एकच बसे, तोही वाकडा. मी उसवू लागले की अक्का म्हणत, “राहू दे. धुतल्यावर दिसत नाही.” ते खोटे होते. धुतल्यावरही दिसतात.

शिवता शिवता मधोमध हाताला जाड लागू लागले. अक्का म्हणाल्या, “आत जुनी कौदी आहे.” जुनी वाकळ झिजली की तिलाच नव्या वाकळेचे पोट करायचे, ही रीत मला ठाऊक नव्हती. न शिवलेल्या बाजूने थर उचलून पाहिले. नारायणपेठी चौकडे दिसले. एका कोपऱ्यावर धोब्याच्या काळ्या शाईत १७ हा आकडा होता. तो माझ्या वसतिगृहाच्या खोलीचा क्रमांक.

मी परत आणलेली ती वाकळ आईने चाळीस वर्षे पांघरली होती. किल्लारीच्या वेळी ठेवली तीही हीच. ती झिजली तेव्हा टाकली नाही. तिला आत घालून नवी शिवायला घेतली. ती कोणासाठी, हे मला सांगता येणार नाही. आईने त्या प्रसंगाचा उल्लेख आयुष्यात एकदाही केला नाही. तिचे बोलणे काय झाले असते, ह्याचा तर्क करण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त सुई घेतली आणि तिने जेथे सोडले होते तेथून पुढे निघाले.

वरच्या पदराला एक तुकडा कमी पडत होता. उरले होते ते इरकल. कात्री हातात घेतली आणि थांबले. अक्कांना म्हटले, “तुम्ही कापा.” त्या म्हणाल्या, “मी नाही कापणार. तुझ्या आईचं आहे, तूच काप. नाहीतर तशीच ठेव. पण घडीवर कापड तुटतं, हे बघ.” खरोखरच घडीच्या रेषेवर लुगडे चिरले होते. अकरा वर्षे मी ते जपले, असे मला वाटत होते; मी ते न पाहता तुटू देत होते. शेवटी आम्ही दोन भाग केले. इरकलाचा तांबडा रेशमी पदर अंगापासून वेगळा केला आणि धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवला. दर सहा महिन्यांनी त्याची घडी बदलते. अंगाचे सुती कापड जेथे धड होते तेथे कापून वाकळेत घातले. जूनअखेर वाकळ पुरी झाली. गेले पाच हिवाळे मी ती पांघरते आहे.

ह्या प्रसंगाने मला एक विवेक शिकवला आणि तोच आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. जुन्या गोष्टींचे दोन प्रकार करावे लागतात. काही घडी बदलत, जपून ठेवायच्या असतात. काही कापून वापरात आणायच्या असतात. सारेच पेटीत ठेवले तर घडीवर तुटते. सारेच कापले तर पुढच्यांना दाखवायला पदर उरत नाही. भाषेचेही तसेच आहे. दासोपंतांची पासोडी जपायची वस्तू आहे. पण दंड, जुनेर, धडुते, चिरगूट, पटकूर हे शब्द कोशात जपून भागत नाही; ते तोंडात फिरले तरच राहतात.

दुसऱ्या भागांतल्या बायकांच्या ह्याच कामाला आज मान मिळतो. बंगालच्या कांथेला गुरुसदय दत्तांसारखा संग्राहक लाभला. कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयात त्यांचा संग्रह आहे. आपल्याच राज्यात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या परिसरात, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायका कौदी शिवतात तेव्हा कोपऱ्यावर त्रिकोणी तुकड्यांचे ‘फूल’ लावल्याशिवाय ती पुरी मानत नाहीत. त्यांची कौदी परदेशातल्या प्रदर्शनांपर्यंत पोचली आहे. आनंद आहे. परंतु आपल्या गावातली वाकळ प्रदर्शनात जावी, असा माझा आग्रह नाही. ती कोणी शिवली, हे निदान तिच्या नातवंडांना माहीत असावे, एवढाच आहे.

आपली भूमी सुईला कमी लेखणारी नव्हती. बाराव्या शतकात ह्याच मुलखातल्या कल्याणात बसवेश्वरांनी श्रमाला ‘कायक’ म्हणून प्रतिष्ठा दिली. त्या शरणांच्या परंपरेत रामीतंदे नावाचे शिवणकाम करणारे वचनकार आहेत. त्यांच्या नावाआधीच ‘सूजी कायक’ हे शब्द लागतात. ‘सूजी’ म्हणजे सुई. आपले नामदेवराय शिंपी होते आणि त्याचा त्यांनी संकोच केला नाही. गाडगेबाबांना लोक त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे गोधडेमहाराज म्हणत. पुरुषांच्या सुईला असे नाव मिळाले. दाराआड बसून शिवणाऱ्यांच्या सुईचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. ज्यांना लिहिता येत होते, त्या माझ्यासारख्या लेकींनीही ठेवले नाही.

म्हणून शाळेकडे एक मागणे आहे. ग्रंथालयात एक वही ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या प्रत्येक मुलामुलीने घरातल्या एका वाकळेपाशी आजीला घेऊन बसावे आणि विचारावे: हा तुकडा कोणाचा? कधीचा? ह्याला काय म्हणतात? आजी कन्नडमध्ये सांगेल तर कन्नडमध्ये लिहावे, दखनीत सांगेल तर दखनीत, मराठीत सांगेल तर तिच्याच मराठीत. गुरुजनांनी ते शुद्ध करू नये. आणि जमले तर दहा टाके घालायला शिकावे. मुलग्यांनीही. ज्यांच्या आजी आज नाहीत, त्या माजी विद्यार्थ्यांनी घरी जाऊन पेट्या तरी उघडाव्यात. घड्या मोडून नव्याने घालाव्यात.

वहीचे पहिले पान मी लिहून आणले आहे. ते मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करते. त्यात आईचे नाव आहे आणि तिच्या वाकळेतल्या तेवीस तुकड्यांची यादी आहे. त्यांपैकी सात तुकडे कोणाचे हे मला सांगता आले नाही. त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडली आहे. ती भरणारे आता कोणी उरलेले नाही. तुमच्या वहीत अशा मोकळ्या जागा कमी असाव्यात, अशी इच्छा व्यक्त करते.

गुरुजींनी माझ्या हाती पुस्तक दिले आणि आईने त्यासाठी सुई स्वतःकडे ठेवली. दोघांचेही ऋण मान्य करते आणि थांबते.